पी. पी. नंबर, प्रॉक्सी आणि बाजूला ठेवलेला रिसीव्हर

घरात जुनी व्हिजिटिंग कार्डं किंवा लग्नपत्रिका पडून असतील तर एकदा काढून बघा. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कार्डांवर फोन नंबराच्या पुढे कंसात 'पी. पी.' असं छापलेलं सापडेल. आमच्या पिढीला याचा अर्थ समजावून सांगावा लागतो. अर्थ एवढाच, की हा फोन आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस. डोंबिवलीतल्या तीन मजली बिल्डिंगमध्ये एखाद्याच घरी फोन असायचा, आणि बाकीच्या घरांच्या पत्रिकांवर तोच नंबर.

फोन यायचा कसा ते बघा. समोरचा नंबर फिरवतो. काकू फोन उचलतात. "तिसऱ्या मजल्यावरच्या जोश्यांना जरा बोलावता का?" काकू रिसीव्हर बाजूला ठेवतात, जिन्यातून हाक मारतात आणि पुन्हा ओट्याकडे जातात. जोशी धावत खाली येतात. किंवा जोशी घरी नसतात, मग काकू परत येऊन तसं सांगतात. खरं बोलणं सुरू होतं ते या सगळ्यानंतर.

मंडळी, प्रॉक्सी म्हणजे नेमकं हेच! आणि या छोट्याशा प्रसंगात तीन गोष्टी आहेत. पहिली, फोन लागणं आणि माणूस लाईनवर येणं या दोन वेगवेगळ्या घटना आहेत. दुसरी, काकू फोनपाशी ताटकळत उभ्या राहत नाहीत, कारण त्यांना दहा कामं आहेत. तिसरी, कोणाला कोणाचा फोन आला हे काकूंना कळतं. नेटवर्कचं जोडणं प्रॉक्सीतून फिरवताना गेली तीस-पस्तीस वर्षं प्रोग्रॅमर लोक याच तीन गोष्टींशी झगडतायत. आजचा लेख त्याबद्दल.

सुरुवात आपल्याकडून करू, कारण भारतातलं इंटरनेटच मुळात पी. पी. नंबरावर सुरू झालं असं म्हटलं तरी चालेल. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने यूएनडीपीच्या मदतीने अर्नेट प्रकल्प सुरू केला. त्यात आयआयटी होत्या, बंगळूरची आयआयएससी होती आणि आपल्या जुहूची एनसीएसटी होती. १९८९ साली एनसीएसटीतून अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, यूयूनेटपर्यंत एक लीज्ड लाईन टाकली गेली. वेग ९.६ केबीपीएस. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा एक एमबीचा फोटो त्या लाईनवरून यायला साधारण चौदा मिनिटं लागली असती, तीही बाकी सगळे गप्प बसले असते तर. देशभरच्या संस्थांची परदेशी ईमेल त्या एका दारातून जायची यायची.

मग १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. टीसीपी/आयपी अकाउंट वर्षाला १५,००० रुपये! विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं शेल अकाउंट होतं. शेल अकाउंट म्हणजे काय, तर मोडेमने व्हीएसएनएलच्या कॉम्प्युटरला फोन लावायचा आणि त्या कॉम्प्युटरवर बसल्यासारखं काम करायचं. इंटरनेटवर असायचा तो त्यांचा कॉम्प्युटर. तुमच्याकडे फक्त अक्षरं यायची, चित्रं नाहीत.

जगभर शेल अकाउंटवाल्यांची हीच रड होती, आणि १९९५ च्याच सुमारास त्यावर एक भन्नाट उपाय निघाला. त्या प्रोग्रॅमचं नाव स्लर्प. तो शेल अकाउंटवर चालवायचा. तुमच्या पीसीला वाटायचं की आपण थेट इंटरनेटला जोडलोय. प्रत्यक्षात स्लर्प तुमचं प्रत्येक कनेक्शन मध्येच थांबवून घ्यायचा, स्वतःच्या नावाने पुढे दुसरं कनेक्शन उघडायचा आणि इकडचा डेटा तिकडे करायचा. एकच प्रोसेस, एकच लूप, आणि त्यात अशी डझनावारी कनेक्शनं. म्हणजे प्रॉक्सी आणि इव्हेंट-ड्रिव्हन प्रोग्रॅम, दोन्ही एकात.

"जुन्या गोष्टी कशाला उगाळतोस?" असं म्हणत असाल तर थांबा. अँड्रॉइडचं अ‍ॅप लिहिणाऱ्या प्रत्येकाला १०.०.२.२ हा पत्ता पाठ असतो. एम्युलेटरमधून आपल्याच लॅपटॉपवरच्या सर्व्हरकडे जायचं तर हा पत्ता. तो आला कुठून? स्लर्पमधून! स्लर्पचा कोड क्यूएमूने घेतला, आणि अँड्रॉइड एम्युलेटर क्यूएमूवर उभा आहे. शेल अकाउंटच्या जमान्यातला जुगाड आजही वागळे इस्टेटमधल्या लॅपटॉपांवर रोज चालतोय.

असो. आपल्या भागात परत येऊ. ठाणे एमटीएनएलच्या ०२२ मध्ये, आणि डोंबिवली-कल्याण ०२५१ मध्ये, वेगळ्या खात्याकडे. लोकलने अंतर वीसेक मिनिटांचं, पण टेलिफोनच्या हिशेबात दोन वेगळी गावं. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायला परवानगी मिळाली आणि स्टेशनाजवळच्या गल्ल्यांत सायबर कॅफे उगवले. कॅफेवाल्याचं गणित साधं होतं. फोनची लाईन एक, पीसी आठ-दहा, आणि गिऱ्हाईक तासावर पैसे देणार. एक कनेक्शन दहा जणांत वाटायचं तर मध्ये काकू हव्यातच. न्यूझीलंडमध्ये १९९५ साली तयार झालेलं विनगेट याच कामाचं होतं. १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनमध्ये तर कनेक्शन शेअर करायची सोय आयतीच आली. जरा हुशार कॅफेवाले आणि केबलवाले लिनक्सवर स्क्विड चालवायचे. दहा जणांनी तेच पान उघडलं तर स्क्विड एकदाच आणून ठेवायचा आणि नऊ जणांना घरातलंच वाढायचा. महागड्या लाईनवर केवढी बचत!

अमेरिका-युरोपात प्रॉक्सी आली ती वेगळ्या कारणाने. तिथे लाईनची टंचाई हा मोठा प्रश्न नव्हता, भीती होती. कंपन्यांनी आपल्या नेटवर्कभोवती फायरवॉल उभ्या केल्या, आणि मग आतल्या लोकांना बाहेर कसं जाऊ द्यायचं हा प्रश्न आला. मिप्स कंपनीत काम करणाऱ्या डेव्हिड कोब्लास यांनी यावर सॉक्स नावाची पद्धत काढली. १९९२ मध्ये त्यांनी आणि मिशेल कोब्लास यांनी ती यूझनिक्सच्या परिषदेत मांडली. नंतर एनईसीच्या यिंग-दा ली यांनी ती वाढवली, आणि मार्च १९९६ मध्ये सॉक्स ५ चं आरएफसी १९२८ आलं. दुसरीकडे वेबची स्वतःची प्रॉक्सी १९९४ मध्ये सर्नच्या सर्व्हरमध्ये आली. आरि लुओतोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी तिच्यावर त्याच वर्षी पेपर लिहिला.

दोघांत फरक आहे. वेबची प्रॉक्सी म्हणजे निरोप समजून घेणारी काकू. तिला काय मागितलंय ते कळतं, म्हणून ती उत्तर जपून ठेवू शकते. सॉक्स म्हणजे फक्त लाईन जोडून देणारी. पुढे तुम्ही काय बोलता याच्याशी तिला घेणं नाही. वेबवर एन्क्रिप्शन आल्यावर एचटीटीपीलाही 'कनेक्ट' नावाची आज्ञा जोडावी लागली, म्हणजे "मला फक्त अमुक ठिकाणी जोडून दे आणि बाजूला हो."

आता काकूंच्या ओट्याकडे वळू. प्रोग्रॅम लिहायची सरळ पद्धत अशी, की कनेक्शन उघड, उत्तर येईपर्यंत थांब, मग पुढची ओळ. याला ब्लॉकिंग म्हणतात. एक गिऱ्हाईक असेल तर ठीक, पण पाचशे असतील तर काय? प्रत्येकासाठी वेगळी प्रोसेस काढली तर मेमरी संपते. १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये सिलेक्ट नावाची सोय आली. "या सगळ्या कनेक्शनांपैकी कोणाकडे काही घडलंय का?" असं एकाच वेळी विचारता येऊ लागलं. ज्याच्याकडे घडलं त्याचं तेवढं काम करायचं आणि पुन्हा विचारायचं. इव्हेंट-ड्रिव्हन म्हणतात ते हेच. १९९६ मध्ये ड्वेन वेसल्स यांनी सुरू केलेला स्क्विड असाच एका प्रोसेसमध्ये शेकडो कनेक्शनं सांभाळायचा. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी दहा हजार कनेक्शनांचा प्रश्न मांडला, फ्रीबीएसडीत २००० साली केक्यू आणि लिनक्समध्ये २००२ साली ईपोल आलं, २००४ मध्ये एन्जिनएक्स आणि २००९ मध्ये नोड. आज तुमच्या आमच्या ऑफिसात जे चालतं त्यातलं बरंचसं या घराण्यातलं.

पण या पद्धतीची एक कडक अट आहे. कोणीही, कधीही, एका जागी थांबायचं नाही. एकाने थांबवलं की सगळेच थांबतात. स्क्विडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत डीएनएसमधून नाव शोधण्यासाठी वेगळ्या मदतनीस प्रोसेस ठेवाव्या लागल्या त्या याचमुळे. नावावरून पत्ता शोधणारं युनिक्सचं नेहमीचं फंक्शन उत्तर मिळेपर्यंत परतच यायचं नाही. काकू टेलिफोन डिरेक्टरीत नाव शोधत बसल्या की गॅसवरचं दूध उतू गेलंच!

प्रॉक्सी चालवणाऱ्याची बाजू झाली. आता प्रॉक्सीतून बाहेर जाणाऱ्या प्रोग्रॅमची बाजू बघा, कारण आपल्यासारख्यांच्या वाट्याला तीच येते. ब्राउझर सुरळीत चालतो, पण आपण लिहिलेला प्रोग्रॅम ऑफिसच्या नेटवर्कवर लटकतो, हा अनुभव कोणाला नाही?

इव्हेंट-ड्रिव्हन प्रोग्रॅममध्ये 'कनेक्शन झालं' असा इव्हेंट येतो आणि त्यावर आपण पुढचा कोड लावलेला असतो. प्रॉक्सी मध्ये आली की हा इव्हेंट अर्धसत्य सांगतो. कनेक्शन झालं खरं, पण काकूंशी. जोशी अजून तिसऱ्या मजल्यावर आहेत. इथे आपला प्रोग्रॅम थेट बोलायला लागला तर ते बोलणं काकूंच्या कानात जातं, आणि त्यांना त्यातलं काही कळत नाही.

सॉक्स ५ मध्ये मधला संवाद साधारण असा होतो. आपण म्हणायचं, मला सॉक्स ५ येतं, ओळख पटवायच्या या पद्धती येतात. प्रॉक्सी त्यातली एक निवडते. मग आपण म्हणायचं, अमुक नावाच्या ठिकाणी अमुक पोर्टवर जोडून दे. प्रॉक्सी प्रयत्न करते आणि सांगते, जमलं किंवा नाही जमलं. म्हणजे दोन फेऱ्या. प्रत्येक फेरीत उत्तर लगेच येईल याची खात्री नाही. टीसीपीत ते तुकड्या-तुकड्यांत येऊ शकतं, आज दोन बाइट, थोड्या वेळाने आठ. कधी उलटही होतं, म्हणजे प्रॉक्सीच्या 'जमलं'ला चिकटून समोरच्या सर्व्हरचे पहिले शब्दही येतात. ते टाकून दिले तर पुढचं सगळं संभाषण बिघडतं. नोडमध्ये 'कनेक्ट' इव्हेंटसोबत सॉकेटच्या जोडीला 'हेड' नावाची एक गोष्ट मिळते, ती हीच. बरेच जण तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि मग शंभरातून एकदा येणारा बग शोधत बसतात.

यावरचा शहाणा उपाय आता सगळीकडे सारखाच आहे. मध्ये एक थर घालायचा. तो थर प्रॉक्सीशी सगळं बोलणं उरकतो, आणि जोशी लाईनवर आल्यावरच वरच्या कोडला 'कनेक्शन झालं' सांगतो. वरच्या कोडला प्रॉक्सी आहे हे कळतही नाही. वेळमर्यादाही फक्त फोन लागण्यापुरती ठेवायची नाही, जोशी येईपर्यंतची धरायची.

ऐकायला सोपं आहे. पण हा थर लिहिणं किती अवघड, याचं एक उदाहरण आहे, आणि माझ्या मते ते प्रत्येक इंजिनीयरने वाचायला हवं.

कर्ल तुम्हाला माहीत असेलच. स्वीडनच्या डॅनिएल स्टेनबर्ग यांचा हा प्रोग्रॅम आणि त्याची लायब्ररी, फोनपासून गाड्यांपर्यंत सगळीकडे आहे. कर्लमध्ये सॉक्स ५ ची सोय २००२ पासून होती, पण तो मधला संवाद ब्लॉकिंग होता. म्हणजे बाकी सगळं न थांबता चालायचं आणि प्रॉक्सीशी बोलताना मात्र काकू फोनपाशी उभ्या. २०२० च्या सुरुवातीला स्टेनबर्ग यांनी तो कोड बदलून न थांबणारा केला. उत्तर आलं नसेल तर फंक्शनने परत जायचं, आणि आल्यावर त्याच टप्प्यापासून पुढे चालू करायचं. मार्च २०२० च्या ७.६९.० आवृत्तीत हा बदल आला.

आता बारकावा बघा. सॉक्स ५ मध्ये नावाची लांबी एका बाइटमध्ये लिहितात, म्हणून नाव २५५ अक्षरांपेक्षा मोठं असू शकत नाही. कर्लने ठरवलं होतं, नाव त्याहून लांब असेल तर ते प्रॉक्सीला द्यायचं नाही, पत्ता आपणच शोधायचा. हा निर्णय एका लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवला होता. प्रॉक्सीने झटपट उत्तर दिलं तर सगळं व्यवस्थित. पण प्रॉक्सी हळू असेल, तर फंक्शन मध्येच परत जायचं, आणि दुसऱ्यांदा आत आल्यावर ते व्हेरिएबल नव्याने मूळ किमतीवर यायचं. आधी घेतलेला निर्णय पुसला जायचा. मग ते लांबलचक नाव प्रॉक्सीला पाठवण्यासाठी बफरमध्ये कॉपी व्हायचं, आणि नाव बफरपेक्षा मोठं असेल तर बाहेर सांडायचं. हीप ओव्हरफ्लो! सीव्हीई-२०२३-३८५४५ या नंबराने ही चूक नोंदली गेली आणि ११ ऑक्टोबर २०२३ ला ८.४.० मध्ये दुरुस्त झाली. मधली साडेतीन वर्षं ती जगभरच्या यंत्रांमध्ये होती. दुरुस्ती साधी निघाली. नाव जास्त लांब असेल तर सरळ एरर द्यायची.

काकूंच्या भाषेत सांगायचं तर, रिसीव्हर बाजूला ठेवून गेल्या आणि परत आल्या तेव्हा काय ठरलं होतं ते विसरल्या. न थांबणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फंक्शन परत गेलं की त्याच्या डोक्यातलं सगळं जातं. लक्षात ठेवायचं ते त्या कॉलच्या चिठ्ठीवर लिहिलं पाहिजे, म्हणजे त्या कनेक्शनच्या स्टेटमध्ये. आणि ही चूक कोणा नवशिक्याची नाही, पंचवीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाची आहे. त्यांनी ती स्वतःच्या नावावर घेऊन सविस्तर लिहिली, याबद्दल त्यांना सलाम.

यातच तिसरी गोष्ट लपली आहे. नाव कोणी शोधायचं? मूळ सॉक्स ४ मध्ये प्रॉक्सीला आयपी पत्ताच द्यावा लागायचा. म्हणजे प्रॉक्सीतून जायच्या आधी नाव तुम्हीच तुमच्या डीएनएसला विचारायचं, आणि तुम्ही कुठे चाललात हे तिथेच उघड व्हायचं. सॉक्स ४-ए आणि सॉक्स ५ मध्ये नाव थेट प्रॉक्सीला देता येतं. कर्लमध्ये 'सॉक्स५' आणि 'सॉक्स५एच' असे दोन प्रकार आहेत ते यासाठी. शेवटचं एक अक्षर इकडचं तिकडे झालं की प्रॉक्सी चालते, पण लपवायचं ते लपत नाही. साधं वेब पान बघताना याने काही बिघडत नाही. बातमीदार किंवा बातमी देणाऱ्या माणसाचं मात्र बिघडू शकतं.

उलट्या बाजूचं उदाहरण तर आपल्या ठाणे जिल्ह्यातलं आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तसंस्थांना एक ईमेल गेली होती. आयपी पत्त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोचले. तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याची चौकशी झाली, कॉम्प्युटर जप्त झाले. शेवटी निष्पन्न झालं ते असं, की त्याच्या वाय-फायला कुलूप नव्हतं आणि दुसऱ्याच कोणी ते वापरलं होतं. जगाला दिसलेला पत्ता फोनवाल्या घराचा होता, बोलणारा भलताच. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना काढल्या. २०११ च्या सायबर कॅफे नियमांत तर कॅफेतल्या प्रॉक्सी सर्व्हरचे लॉग किमान वर्षभर जपायला स्पष्ट सांगितलंय. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, आणि काही कंपन्यांनी आपले सर्व्हरच भारतातून हलवले.

यात कोण बरोबर यावर वाद होऊ शकतो, आणि दोन्ही बाजूंना दम आहे. लॉग नसतील तर सानपाड्यातल्यासारखा निर्दोष माणूस अडकतो. सगळेच लॉग ठेवले तर प्रत्येकाचं सगळं कोणीतरी वाचू शकतं. पण हा प्रश्न कायदा लिहिणाऱ्यांचा, आपला नाही, असं मानून इंजिनीयरला सुटता येत नाही. कोणाचं कनेक्शन कोणत्या दारातून गेलं, नाव कोणी शोधलं, निर्णय कुठे लिहून ठेवला, हे सगळं आपणच कोडमध्ये ठरवत असतो. बऱ्याचदा लक्षही न देता, कुठूनतरी उचललेल्या एका ओळीत.

तेव्हा सोमवारी ऑफिसात गेलात की आपल्या प्रोजेक्टमध्ये प्रॉक्सीची सेटिंग कुठे आहे ते शोधा, आणि तीन प्रश्न विचारा. 'कनेक्शन झालं' हे नेमकं कोणाशी झाल्यावर म्हणतोय? उत्तर उशिरा, तुकड्यांत आलं तर आधी ठरलेलं कुठे लक्षात ठेवलंय? आणि समोरच्याचं नाव कोण शोधतंय, आपण की प्रॉक्सी? हळू चालणारी प्रॉक्सी लावून एकदा टेस्ट करा. ऑफिसची वेगवान प्रॉक्सी कर्लची चूक कधीच दाखवणार नाही, कारण तिथे जोशी नेहमी फोनशेजारीच बसलेले असतात. :)

पुढच्या शनिवारी भेटू.